मिस टिल्टन यांच्या दिवाणखान्याचा एकमेव प्रयोग

मानवजातीच्या इतिहासात रंगभूमीचा जन्म तीन वेळा झाला. पहिल्यांदा ग्रीसमध्ये, डोंगराच्या उतारावर. दुसऱ्यांदा लंडनमध्ये, नदीच्या काठी. आणि तिसऱ्यांदा १९५४ च्या जूनमध्ये, न्यू हॅम्पशरमधल्या आमच्या हॅकेट्स मिल गावी, एबेन कट्सच्या गोठ्यात. पहिल्या दोन ठिकाणी आधी गुरं बाहेर काढावी लागली होती का, याबद्दल इतिहासकार गप्प आहेत. आमच्याकडे सतरा काढली. त्यांतली एक उद्घाटनाच्या दिवशी पहिल्या अंकाच्या मध्यावर परत येऊन आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली. त्या संध्याकाळी सर्वांत जास्त टाळ्या तिला पडल्या.

ग्रीस आणि लंडनची वाक्यं माझी नव्हेत. ती रोलंड व्हिकरी यांनी पहिल्या कार्यक्रमपत्रिकेत छापली होती. गाईचं वाक्य माझं.

ते थिएटर अजून चालू आहे. आता गावातल्या समितीला त्याच्या इतिहासाची पुस्तिका काढायची आहे, आणि त्यांनी मला पत्र पाठवून विचारलं आहे की पहिला हंगाम बुडता बुडता वाचला तो 'कोणत्या कलात्मक धोरणामुळे?' प्रश्न मलाही पडला होता. त्या वर्षी मी आमच्या साप्ताहिकात दुधाचे भाव, मृत्यूवार्ता आणि नाट्यसमीक्षा लिहीत होतो. तिन्हींची शैली एकच ठेवल्यामुळे कोणी दुखावलं नाही. पण हंगाम का वाचला हे मला तेव्हा अर्धंच कळलं होतं. उरलेलं अर्धं जुन्या कार्यक्रमपत्रिका समोर मांडून बसल्यावर कळलं, आणि त्यात कलात्मक धोरण कुठेच सापडलं नाही.

व्हिकरी मॅसॅच्युसेट्समधल्या मुलांच्या एका शाळेत लॅटिन शिकवत. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर राजीनामा ठेवला, सोबत एक भाषणही ठेवलं, आणि गळ्यात रुमाल बांधून आमच्या गावी आले. शाळा त्यांना परत घेणार नव्हती. तसं शाळेने लेखी कळवलं होतं. भाषणातले काही भाग मी नंतर ऐकले आणि मला शाळेचं पटलं. थोडक्यात, त्या माणसाला मागे जायला रस्ता नव्हता. पुढे होता तो एबेन कट्सचा गोठा, आणि तोही एका उन्हाळ्यापुरता.

एबेन साठीचा, एकटा राहणारा, मोजकं बोलणारा माणूस. त्याची अट त्याने गोठ्याच्या दारात, माझ्यादेखत घातली.

"खुर्च्या किती मांडल्यात?"

"एकशे ऐंशी," व्हिकरी म्हणाले. "पुढे वाढवता येतील. माझी कल्पना अशी आहे की—"

"ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मी येईन. मागे उभा राहीन. सगळ्या भरलेल्या असल्या तर पुढच्या वर्षी बोलू."

"आणि एखादी रिकामी असली तर?"

"तर सोमवारी गवत भरतो," एबेन म्हणाला. "अर्धा रिकामा गोठा मला बघवत नाही. गोठ्याला लाज वाटते."

मग हंगाम सुरू झाला. दर मंगळवारी नवं नाटक. संध्याकाळी ह्या आठवड्याचं करायचं आणि सकाळी पुढच्या आठवड्याचं पाठ करायचं, म्हणजे नटाच्या डोक्यात सदैव दोन नाटकं. डेझमंड फार हा आमचा नायक. देखणा, आवाज घंटेसारखा, पण डोक्यात जागा एकाच नाटकाची. चौथ्या आठवड्यात 'मावशींचा मधुचंद्र' चालू असताना त्याने प्रेयसीचा हात हातात घेतला, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "होय, विष मीच घातलं. सूपमध्ये." ते पाचव्या आठवड्यातलं होतं. प्रेयसी हुशार. ती म्हणाली, "तरीच चव वेगळी लागली," आणि त्याला हाताला धरून आत घेऊन गेली. आमच्या लोकांना काही खटकलं नाही. मावशींच्या घराण्यात असलं काही निघेल असं त्यांना पहिल्या अंकापासून वाटतच होतं.

दहापैकी नऊ नाटकं दिवाणखान्यात घडणारी. कंपनीकडे स्वतःचं सामान म्हणाल तर एक कोच, आणि तोही भिंतीला टेकवला तरच उभा राहणारा. बाकी सगळं गावातून उसनं आणायचं, आणि ते काम बर्था नड यांच्याकडे होतं. बर्थाबाई पन्नाशीच्या, विधवा. चर्चमधली जेवणं वीस वर्षं त्यांच्या हाताखाली शिजत होती, त्यामुळे कोणाच्या घरी किती बशा आहेत आणि त्यांतल्या किती तडकलेल्या, हे त्यांना तोंडपाठ.

त्या कधी पुढच्या दाराने जात नसत. आमच्याकडे पुढचं दार नवरीसाठी आणि शवपेटीसाठी. माणसं मागून, स्वयंपाकघरातून येतात आणि बहुतेक तिथूनच परत जातात. आणि बर्थाबाई कधी काही मागतही नसत.

"लिडिया, तुझ्याकडे नसणारच म्हणा," त्या लिडिया गोव्हच्या ओट्याशी टेकून म्हणायच्या. "दिवा बघतेय. खानदानी घरातला हवाय."

"नसणार म्हणजे? माझ्या आजेसासूचा आहे की! पोर्टलंडहून आणलेला!"

"तो होय? तो स्टेजवर उठून दिसायचा नाही गं."

"दिसायचा नाही? घेऊन जा आत्ताच्या आत्ता! आणि बघतेच मी कसा दिसत नाही ते!"

आणि लिडिया बघायला यायची. एकटी येते कशाला, बहिणीला आणायची, बहिणीच्या शेजारणीला आणायची. पडदा उघडला की पहिली कुजबुज दिव्याची. कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी 'सामान सौजन्य' म्हणून बारीक अक्षरांत नावं असत. दुसऱ्या आठवड्यात ती मोठी झाली. तिसऱ्या आठवड्यात ती नाटककाराच्या वर गेली.

एकदा डेझमंडने रुबाबात पाद्रीबाईंच्या टेबलावर पाय ठेवले. अंधारातून एकच शब्द आला, "पाय!" त्याने ते खाली घेतले, आणि पुढच्या चारही प्रयोगांत त्याच वाक्याला, कोणी न सांगता, वर ठेवून खाली घेतले. मी समीक्षेत त्याला 'सूक्ष्म अभिनय' म्हटलं.

आता ह्या पत्रिका ओळीने लावल्या की चित्र स्पष्ट दिसतं. आमच्या गावात माणसं चाळीस चाळीस वर्षं शेजारी राहतात आणि एकमेकांचा दिवाणखाना बघत नाहीत. व्हिकरींनी गोठ्यात जे दाखवायला काढलं होतं ते त्यांच्या मते नाटक होतं. गावाच्या मते दर मंगळवारी कोणाच्या तरी घराचं पुढचं दार उघडत होतं. पाच आठवडे गोठा गच्च भरला. सहाव्या आठवड्यात बर्थाबाईंची घरं संपली. लिडियाचा दिवा पुन्हा आला. "तो बघितलाय," लोक म्हणाले आणि घरी बसून राहिले. नवव्या आठवड्यात साठ माणसं होती, आणि त्यांतली काही फक्त पंख्याखाली बसायला आलेली.

व्हिकरींनी याचा अर्थ काढला की गावाची अभिरुची उंचावली आहे आणि हलकी नाटकं आता त्याला पुरत नाहीत. म्हणून दहाव्या, शेवटच्या आठवड्यासाठी त्यांनी स्वतः लिहिलेली शोकांतिका जाहीर केली. नाव 'राखेचे तास'. पात्र एक. सामान, एक खुर्ची.

बर्थाबाई कणसं सोलत होत्या तेव्हा त्यांनी ही बातमी ऐकली. मी तिथे पुढच्या आठवड्याची जाहिरात घ्यायला गेलो होतो.

"एक खुर्ची?" त्या म्हणाल्या.

"एकच. रिकामा रंगमंच. काळा पडदा."

"मग लोक बघणार काय?"

"माणसाचा आत्मा, बर्थाबाई!"

"तो कोणी दिलाय?"

बर्थाबाईंनी आणखी एक कणीस सोललं. "अहो साहेब, शनिवारी एबेन मागे उभा राहणार आहे. एकशे ऐंशी खुर्च्या. आत्म्यावर किती भरतील? तुमची बायको धरून सांगा."

"ज्यांना समजेल ते येतील."

"तेच म्हणते मी," बर्थाबाई म्हणाल्या, आणि हात पुसून बाहेर पडल्या.

गावात एकच घर उरलं होतं. पुलाजवळचं राखाडी घर, मिस ऑर्फा टिल्टन यांचं. जून १९३१ मध्ये त्या घरात लग्न ठरलं होतं. नवरा मुलगा डोव्हरचा, जमिनी मोजणारा. लग्नाच्या सकाळी त्याच्याऐवजी तार आली. ऑर्फाच्या आईने दिवाणखान्याचे पडदे ओढले ते ओढलेच. आई पुढे वारली, तिलासुद्धा मागच्या दाराने नेली. तेवीस वर्षांत स्वयंपाकघराच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मिस टिल्टन पहाटे बागेत दिसत, वाणसामान मागच्या पायरीवर ठेवलं जाई, आणि चर्चला त्या लोणच्याच्या बरण्या पाठवत, सोबत चिठ्ठी, 'बरणी परत करायची गरज नाही.'

तो दिवाणखाना कसा असेल याबद्दल गावात बरीच मतं होती. पोस्टमास्तर होरेस पिल्सबरींच्या मते आत लग्नाची मेजवानी तशीच मांडलेली होती, केकसकट. पाद्रीबाई म्हणत, आत फ्रान्सहून आणलेलं मखमली सामान आहे, टिल्टन मंडळी आधीपासून बडी. मी स्वतः, लहानपणी, तो डोव्हरचा माणूस आतच आहे अशा मताचा होतो. आज विचार करताना एक गोष्ट विलक्षण वाटते. एवढे तर्क चालायचे, पण प्रत्येक जण बोलता बोलता एका जागी येऊन अडखळायचा, आणि मग हवापाण्याचा विषय काढायचा.

बर्थाबाई मागच्या दाराशी गेल्या. पुढचं सगळं त्यांच्या तोंडून ऐकलेलं. 'तुमच्याकडे नसणारच' हे वाक्य त्यांनी तयार ठेवलं होतं, पण मिस टिल्टन दारात आल्या आणि ते वाक्य काही तोंडातून निघेना.

"मिस टिल्टन, नाटकाला सामान हवंय," त्या सरळ म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

"किती?"

"असेल तेवढं."

मिस टिल्टननी वळून आतल्या दाराकडे बघितलं. "सगळं न्याल?"

"सगळं."

"एकदम? एकाच दिवशी?"

"एकदम."

"नेताना कोणी बघणार नाही?"

"चादरी टाकू."

"तुम्हीही बघायचं नाही, बर्था. चादर उचलायची नाही."

बर्थाबाई मला नंतर म्हणाल्या की त्या क्षणी त्यांना रडू आलं होतं. दहा आठवड्यांत एवढी मोठी किंमत कोणी मागितली नव्हती. पण त्यांनी मान डोलावली. अटी आणखी तीन होत्या. प्रयोग फक्त शनिवारचा. मांडामांड मिस टिल्टन स्वतः, पडद्याआड, एकट्या करणार. आणि पत्रिकेत 'सामान सौजन्य'च्या खाली जागा कोरी सोडायची. "नावं मी सांगेन," त्या म्हणाल्या. नावं, अनेकवचनी, हे बर्थाबाईंच्या लक्षात आलं. त्यांना वाटलं, एकटी राहून राहून बाई जराशा गोंधळल्या असतील.

जाहिरात द्यायची गरज पडली नाही. बर्थाबाई पोस्टात गेल्या आणि लिडिया गोव्हच्या कानात म्हणाल्या, "तुझ्यापुरतं ठेव हं." ते मंगळवारी सकाळी नऊला. बाराच्या आत शनिवारची सगळी तिकिटं संपली होती. त्याच संध्याकाळी 'राखेचे तास'चा पहिला प्रयोग एका खुर्चीवर झाला. प्रेक्षक अकरा. त्यांत मी, व्हिकरींची बायको, आणि रस्ता चुकून आलेलं व्हर्माँटचं एक कुटुंब. ते कुटुंब मध्यंतरात रस्ता विचारून गेलं.

शुक्रवारी व्हिकरींना सगळं कळलं, आणि ते पेटले.

"माझं नाटक रिकामपणाबद्दल आहे! पहिलंच वाक्य आहे, 'काहीच उरलेलं नाही'! तिथे तुम्ही दिवाणखाना भरणार?"

"मग प्रेक्षागृह रिकामं ठेवू या," बर्थाबाई म्हणाल्या. "चार दिवस ठेवलंच आहे."

"हा कलेचा खून आहे."

"असू दे. सूपमध्ये घालू."

तेवढ्यात एबेन दारातून आत आला, आमच्याकडे न बघता भिंतीशी गेला, आणि किती गवत मावेल ते पावलांनी मोजून निघून गेला. व्हिकरींनी गळ्यातला रुमाल सोडला, पुन्हा बांधला, आणि म्हणाले, "निदान खुर्ची मध्यभागी ठेवा."

शनिवारी दुपारी एबेनच्या गवताच्या गाडीवरून तीन खेपांत चादरींखालचे आकार आले. गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं, प्रत्येक जण सहज काही कामाला निघाल्यासारखा. होरेस पिल्सबरी तर दुपारभरात तीनदा पोस्ट बंद करून आले. चादरीखाली काय आहे याची पैज लागली. शेवटच्या गाडीवर, एबेनशेजारी, मिस टिल्टन बसल्या होत्या. त्या थेट गोठ्याच्या मागच्या दाराने आत गेल्या आणि पडद्यापलीकडून सरकवासरकवीचे आवाज येऊ लागले. व्हिकरींना स्वतःच्या रंगमंचावर जायला मनाई होती. ते पडद्यासमोर फेऱ्या मारत होते. डेझमंड एका कोपऱ्यात डोळे मिटून वाक्यं पाठ करत होता. पुढच्या आठवड्याचं नाटकच नसल्यामुळे त्याच्या डोक्यात पहिल्यांदाच मोकळी जागा होती.

साडेआठला एकशे ऐंशी खुर्च्यांवर एकशे ऐंशी माणसं होती. मागे, टोपी घालून, एबेन. मी आईशेजारी बसलो होतो. पडदा उघडला.

मखमल नव्हती. केक नव्हता. डोव्हरचा माणूस नव्हता. होत्या सहा खुर्च्या, सहाही वेगळ्या. तीन घड्याळं, तिन्हींत वेगळी वेळ. पाच छोटी टेबलं, एक पायपेटी, दोन आरसे, टोप्या अडकवायचा उभा खुंटा, पुढ्यात एक झुलती खुर्ची. लिलावाच्या आदल्या दिवशी मांडतात तशी खोली.

नेहमीची कुजबुज झाली नाही. मला राहवेना म्हणून मी मागे वळून बघितलं. नाटक बघताना लोक एकाच ठिकाणी बघतात. इथे एकशे ऐंशी माणसं वेगवेगळ्या ठिकाणी बघत होती. प्रत्येकाची नजर एकाच वस्तूला चिकटलेली, आणि चेहऱ्यावर अशी कळा की खिशात दुसऱ्याचा चमचा सापडलाय. आई एका वाकड्या पायांच्या छोट्या टेबलाकडे बघत होती.

"आई, काय झालं?"

"काही नाही. गप्प बस, नाटक चाललंय."

डेझमंड आला. दोन टेबलांमधून आडवा होऊन वाट काढत तो मध्यभागी पोचला, खुंट्याला अडखळला, सावरला आणि दोन्ही हात पसरून गरजला, "काहीच उरलेलं नाही! चार भिंती, एक खुर्ची, आणि मी!"

"तो आरसा आमचा आहे," लिडिया गोव्ह म्हणाली.

ती उभी राहिली होती. आपण मोठ्याने बोललो हे तिला बहुधा कळलंच नव्हतं. चार ओळी सोडून होरेस पिल्सबरी उठले. "तुमचा? तो कधी दिलात तुम्ही?"

"एकतीस साली. लग्नासाठी."

"आणि मधलं घड्याळ आमचं आहे. एकतीस सालचं."

"मग बोलला नाहीत कधी?"

"बोलणार कसा? त्यांच्या आईने शपथ घातली होती, कोणाला सांगू नका. टिल्टन मंडळींनी उसनं आणलं असं दिसायला नको, म्हणून."

"अहो, मलाही तेच म्हणाल्या!"

"मलापण," पाद्रीबाई म्हणाल्या, अगदी बारीक आवाजात. "पायपेटी."

मग गोठ्यात एकच गलका झाला. बर्थाबाई विंगेतून बाहेर आल्या, टोप्यांच्या खुंट्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बघा बाई. सासूबाईंचा. आणि मी दुपारी स्वतः उचलून आणला, चादरीसकट."

असं होतं ते. टिल्टनबाईंनी लग्नासाठी घरोघरी एकेक वस्तू मागितली, एकेकट्याला गाठून, गुपचूप. लग्न मोडलं. आता लग्न मोडलेल्या घरी जाऊन खुर्ची मागायची कशी? पहिला महिना सभ्यपणात गेला. पहिलं वर्ष संकोचात. पुढची बावीस वर्षं कोणी त्या विषयाकडे वळलं नाही. गावातल्या प्रत्येकाला त्या खोलीतली एकच वस्तू माहीत होती, स्वतःची, आणि बाकीची खोली कशी असेल या विचाराने तो मरत होता.

मिस टिल्टन पुढे आल्या. उंच, राखाडी झगा, चष्मा दोरीला बांधलेला, हातात कागद. डेझमंड थांबला नाही. त्याला थांबायला कोणी सांगितलंच नव्हतं. तो एकाकीपणाविषयी बोलत होता.

"मी आधीच परत करायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पण एक खुर्ची परत केली असती तर बाकीच्यांना वाटलं असतं, आमची का नाही. आणि सगळं एकदम न्यायला गाडी नव्हती." मग त्यांनी चष्मा लावला. "गोव्ह, आरसा. पिल्सबरी, घड्याळ, किल्ली मागे बांधलीय. नड, खुंटा."

लोक उठू लागले. आधी आमच्या गावाच्या रीतीने, "राहू दे हो मिस टिल्टन, घाई काय आहे," असं म्हणत. "घाई आहे," त्या म्हणाल्या, "न्या." मग सगळेच उठले. ज्यांचं काहीच नव्हतं ते इतरांचं बघायला चढले. कोणी खण उघडून बघत होतं, कोणी खुर्चीखालचं कोरलेलं नाव दाखवत होतं. आई त्या वाकड्या पायांच्या टेबलाजवळ उभी राहून बोटाने धूळ आहे का बघत होती. नव्हती. तेवीस वर्षांत एकाही वस्तूवर धूळ नव्हती.

मी खाली राहिलो होतो, आणि व्हिकरी. ते रंगमंचाकडे पाठ करून उभे होते आणि प्रेक्षागृहाकडे बघत होते. एकशे ऐंशी खुर्च्या. एकूण एक रिकामी. त्या सगळ्यांच्या मागे, टोपी घालून, एबेन कट्स.

"पाच मिनिटं," व्हिकरी मला म्हणाले. त्यांचा आवाज शाळामास्तरांचा झाला होता. "पाच मिनिटं भरलेल्या होत्या. तू लिहिशील ना तसं?"

एबेन मधल्या वाटेने पुढे आला. प्रत्येक ओळीशी क्षणभर थांबत, डावीकडे बघत, उजवीकडे बघत. व्हिकरींच्या बाजूने तो तसाच पुढे गेला, पायऱ्या चढला, आणि गर्दीतून वाट काढत त्या झुलत्या खुर्चीपाशी पोचला. कोणीच अजून तिच्यावर हक्क सांगितला नव्हता. त्याने खुर्चीच्या डाव्या हातावरून अंगठा फिरवला. मिस टिल्टननी कागदात बघितलं.

"कट्स, झुलती खुर्ची. तुमच्या वडिलांनी दिली होती."

"आईची आहे," एबेन म्हणाला. "मला वाटलं, ती गेल्यावर त्यांनी जाळली. मी त्यावरून बोललो नव्हतो त्यांच्याशी. शेवटपर्यंत."

तो बसला. हळूच एक झोका घेतला, मग दुसरा. डेझमंड नाटकाच्या अखेरीला आला होता. "या, बसा माझ्याजवळ," तो अदृश्य मृत्यूला म्हणत होता, आणि आजूबाजूला इतके लोक होते की तिघेजण खरंच बसले. त्याने शेवटचं वाक्य म्हटलं आणि डोकं झुकवलं. टाळ्या वाजल्या. मला प्रामाणिकपणे वाटतं की काही त्याच्यासाठीही होत्या.

व्हिकरी एखाद्या शिक्षेला जावं तसे रंगमंचावर गेले. "मिस्टर कट्स. अट मी विसरलेलो नाही."

"गवत मी टेकडीवरच्या शेडमध्ये टाकीन," एबेन झुलत झुलत म्हणाला.

"काय?"

"यंदा कमीच आहे गवत. मावेल तिथे."

"म्हणजे पुढचा उन्हाळा—"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

व्हिकरींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी एबेनचा हात दोन्ही हातांत घेतला, रुमाल सरळ केला, आणि रंगभूमी माणसाला त्याचं हरवलेलं कसं परत मिळवून देते, यावर बोलायला सुरुवात केली. भाषण चांगलं होतं. माणसं आरसे आणि घड्याळं काखेत धरून थांबली आणि ऐकू लागली. एबेननेही सगळं ऐकलं, खुर्ची थांबवून, टोपी मांडीवर ठेवून. भाषण संपल्यावर तो उठला, खुर्ची उलटी करून खांद्यावर घेतली आणि पायरीशी जाऊन वळला.

"एक सांगायचं होतं, व्हिकरी."

"बोला! काहीही सांगा!"

"पुढच्या वर्षी," एबेन म्हणाला, "नाटक जरा कमी ठेवा."